चढाला रिव्हर्स

आजऱ्याकडून घाटाच्या बाजूला निघालं की सपाट रान मागं राहतं. ओढ्याकाठाला भाताची थोडी खाचरं, त्यांच्यावर टप्प्याटप्प्यानं चढत गेलेल्या ताली आणि त्याच्याही वर वरकस माळ. पूर्वी त्या माळावर नाचणी, वरी व्हायची, आता काजू उभा आहे. आमची जमीन या तिन्ही ठिकाणी तुकड्यातुकड्यानं विखुरलेली. आमचे मालक मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे गुडघे गेले तशी बैलजोडी विकली आणि तेव्हापासून घरचा ट्रॅक्टर मी चालवते. २४ अश्वशक्तीचा छोटा, चारही चाकं ओढणारा, अवजार सोडून वजन सातशे किलोंच्या घरात.

घेताना सगळे एकच सांगायचे, छोटा आहे, बाईमाणसाला झेपेल, धोका नाही. उतारावर या बोलण्याला काही अर्थ नाही. झाडांच्या ओळीतून जावा म्हणून छोटा ट्रॅक्टर अरुंद केलेला असतो, आणि चाकांमधलं अंतर जेवढं कमी तेवढा तो आडवा लवकर कलंडतो. शिवाय वजनाला हलका, त्यामुळं मागं रोटर किंवा औषधाचं बॅरल लावलं की तोंड चटकन हलकं होतं. मोठ्या ट्रॅक्टरनं डोंगरात कुणी फारसं जातच नाही. छोटा मात्र कुठंही घुसतो, आणि घुसतो म्हणूनच माणूस त्याला जिथं नेऊ नये तिथं नेतो.

अलीकडं अशा ट्रॅक्टरांची गावोगाव भर पडली. काहींनी कर्ज काढून घेतले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना समाजकल्याणच्या योजनेतून ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळाले. ही चांगलीच गोष्ट झाली. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याच्या दारात यंत्र आलं, ते या छोट्या ट्रॅक्टरांमुळंच. चालवायचं शिक्षण मात्र विक्रेत्याच्या सपाट अंगणात क्लच, ब्रेक, गिअर दाखवण्यापुरतं. उतार कुणी शिकवला नाही.

मला तो मामांनी शिकवला, आणि ते ट्रॅक्टरवर एकदाही बसले नव्हते. त्यांना बैलांचं ठाऊक होतं. कुठल्या तुकड्यात आडवं औत धरलं की खालच्या अंगाच्या बैलावर जू येतं, कुठल्या वळणाला बैल स्वतःहून थांबतो, हे त्यांना पाठ. पहिल्या हंगामात मी ट्रॅक्टर बांधाला उभा करायची आणि ते काठी टेकत, गवत चाळवत पुढं चालायचे. "पोरी, बैल आपणच थांबतोय. ह्येला थांबवायला तूच पायजेस," असं म्हणायचे. गवतात दडलेला जांभ्याचा दगड, वारूळ, पावसानं कोरलेली घळ, गव्यांनी उकरलेली जागा, सगळं त्यांच्या काठीला लागायचं. आमच्या भागात कर्नाटकाकडून हत्तीही येतात. ओल्या रानात हत्तीचा पाय पडला की पुढच्या चाकाचं तोंड आत जाईल एवढा खड्डा राहतो, आणि आठ दिवसांत त्यावर गवत झुकलं की दिसत नाही.

चालून बघणं का महत्त्वाचं, हे हिशेब केला तर कळतं. मागच्या दोन चाकांमध्ये मीटरभर अंतर धरा. वरच्या अंगाचं चाक १५ सेंटीमीटर उंच दगडावर चढलं, तर ट्रॅक्टर आणखी आठ-साडेआठ अंश कलतो. त्याच वेळी खालचं चाक तेवढ्याच खोल खड्ड्यात गेलं तर दुप्पट. म्हणजे जमिनीचा उतार दहाच अंश असला तरी ट्रॅक्टरला तो क्षणभर पंचवीस अंशांच्या वर होतो. डोळ्याला दिसणारा उतार आणि चाकाला लागणारा उतार हे दोन वेगळे आकडे आहेत.

डोळ्यावर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. रोजच्या पायाखालचा उतार दिसेनासाच होतो. मीटरभर लांबीची सरळ पट्टी घ्यायची, वरचं टोक जमिनीला टेकवायचं, पट्टीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून पट्टी समतल करायची आणि खालचं टोक जमिनीपासून किती वर राहिलं ते टेपनं मोजायचं. २० सेंटीमीटर आलं तर उतार वीस टक्के, म्हणजे साधारण ११ अंश. २७ सेंटीमीटर आलं तर १५ अंश. मोबाइलमध्येही कोन दाखवायची सोय असते. पट्टी उताराच्या दिशेनं जमिनीवरच टेकवून तिच्यावर मोबाइल ठेवला तरी चालतं. आमच्या घरात ठरलेलं असं आहे: पंधरा सेंटीमीटरपर्यंत, जमीन कोरडी आणि रान चाललेलं असेल तर आडवं जायचं. पंधरा ते वीस, फक्त सरळ खालीवर. वीसच्या वर ट्रॅक्टर नाही, तिथं गवत कापायचं यंत्र खांद्याला लावून माणूस जाईल. आमच्या ट्रॅक्टरसाठी आणि आमच्या तांबड्या मातीसाठी ही मर्यादा आहे. दुसऱ्यानं आपल्या यंत्राचं पुस्तक बघून ठरवावी, आमच्यापेक्षा सैल तर नकोच.

इथं एक पेच आहे. शेतीशाळेत आम्हाला सांगतात की उताराला आडवी मशागत करा, माती वाहून जाणार नाही. हे खरंच आहे, आमच्याकडं पाऊस पडतो तो बघितला तर खालीवर केलेली प्रत्येक तास ही ओढ्याची सुरुवात असते. पण कलंडायचा धोका आडवं जातानाच जास्त. माती वाचवायची तर आडवं चला, माणूस वाचवायचा तर सरळ चला. बरीच वर्षं लोक दोन्हींतून मधला मार्ग काढतात, म्हणजे तिरकं चालतात, आणि त्यात दोन्ही जातं. माझं मत असं झालंय की ज्या उतारावर आडवं जाता येत नाही, त्या उतारावर मशागतच करायची नाही. काजूच्या बागेत सगळी जमीन नांगरून काढायची गरजही नसते. झाडाभोवतीचं आळं हातानं करायचं, बाकी गवत नुसतं कापून ठेवायचं. बी गोळा करायच्या आधी खालची जागा स्वच्छ झाली म्हणजे झालं.

गवत कापतानाही वेळ बघावी लागते. दिवाळीनंतर सकाळी दंव असतं, ऊन चढेपर्यंत चाक पकड घेत नाही. पहिल्या वळवाच्या सरीनंतर वरची माती निसरडी आणि खालची टणक असते, तेव्हा तर नकोच. वाळलेला काजूचा पाचोळाही तसाच फसवा. वरून कोरडा दिसतो, पण त्याचा थर चाकाखालून सरकतो आणि ट्रॅक्टर उताराच्या दिशेनं बाजूला घसरायला लागतो. नुसत्या घसरण्यानं फार बिघडत नाही. घसरता घसरता खालचं चाक एखाद्या बुंध्याला अडलं की मग तो कलंडतो.

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डोलत असतो, म्हणजे उंचसखल जागी चारही चाकं टेकावीत. त्यामुळं तोलाच्या दृष्टीनं तो तीनच ठिकाणी टेकलेला: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. या तिकोनाच्या आत वजनाचा मध्य आहे तोवर ट्रॅक्टर उभा. पुढं तिकोन निमुळता होत जातो, म्हणून वजन जेवढं पुढं आणि वर, तेवढा आडव्या उतारावर धोका जास्त. अवजार वर उचलून धरलं, की मध्य वर जातो. वळताना वेग असला, की तो बाहेरच्या अंगाला जातो. आडव्या उतारावर चाललेला ट्रॅक्टर वरच्या अंगाला जोरात वळवला, तर हे सगळं एकदम होतं. मला मेकॅनिकनं हे पिन दाखवून समजावलं आणि त्या दिवसापासून रोटर जमिनीपासून वीतभरच उचलायची सवय लागली.

आडवं कलंडण्याची भीती सगळ्यांना असते, कारण ते डोळ्यासमोर दिसतं. आमच्या भागात मला जास्त भीती वाटते मागं उलटण्याची. शेजारच्या गावात रोपलागणीच्या दिवसांत असाच एक माणूस गेला. खालच्या खाचरात चिखल करून झाला होता आणि ट्रॅक्टर वरच्या खाचरात न्यायचा होता. मध्ये कमरेएवढी ताल. लोखंडी चाकं चढवलेली, मागं चिखलानं भरलेला रोटर. तोंड तालीला लावून त्यानं रेस केली. पुढची चाकं चढली, मागची चिखलात रुतली. चाकं फिरायची थांबली, पण इंजिन थांबलं नव्हतं. असं झालं की इंजिनाचा जोर चाक फिरवायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरवायला लागतो. तोंड आभाळाकडं जातं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर पालथा पडतो. याला दीड सेकंदाच्या आसपास लागतो आणि त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदानंतर क्लच दाबला तरी उपयोग नसतो. उडी मारायला वेळ मिळेल असं समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

लोक म्हणाले, त्याचं नशीब. मला ते पटत नाही. त्या तालीवरून त्याच चिखलातनं बाहेर यायची रीत दर पावसाळ्यात गावोगाव तीच आहे आणि बहुतेक वेळा ती निभावते, एवढंच.

आम्ही खाचराखाचराला कोपऱ्यात ताल फोडून वाट केली. दगड-मुरूम टाकून लांब, सावकाश चढ. भाताची थोडी जागा गेली आणि त्यावरून मामांशी वाद झाला. मामा वाट करण्याच्या विरुद्ध नव्हते, कुठल्या कोपऱ्यातली जागा द्यायची यावर त्यांचं म्हणणं होतं. त्या वाटेवरूनही मी तोंड खाली ठेवून मागं मागं चढते. रिव्हर्समध्ये जड बाजू वरच्या अंगाला राहते आणि इंजिनाचा झटका ट्रॅक्टरचं तोंड उचलायच्या ऐवजी जमिनीकडं दाबतो. पकड सुटली तर ट्रॅक्टर घसरेल, उलटणार नाही. उतरताना मात्र सरळ पुढंच. मागं मागं उतरत येताना ब्रेक दाबला तर पुन्हा तोंड उचलायचंच भय. थोडक्यात, तोंड कायम उताराकडं. पाणंदीतनं जाणारे हसायचे, "वैनी, ट्रॅक्टर उलटा चालवताय व्हय?" आता त्यांच्यातलेही काही तसाच चढवतात.

रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून बाहेर काढायची युक्ती तर कुणी करू नये. चाक ओंडक्यावर चढलं नाही तर चाक जागीच अडकतं, आणि मग वर सांगितलं तेच होतं. रुतला तर रेस सोडून द्यावी, अवजार काढावं, चिखल खणावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावा. ओढायची साखळीही खालच्या ड्रॉबारलाच हवी. ती टॉप लिंकच्या जागेला किंवा अ‍ॅक्सलवरून घातली की ओढ वर जाते आणि तोंड हलकं होतं. शेणखताची ट्रॉली चढाला लागली की बंपरवर दोन माणसं उभी करायची पद्धत आपल्याकडं सर्रास दिसते. पुढं वजन हवं असेल तर लोखंडी वजनं मिळतात. माणसं ही वजनं नव्हेत.

उतरण्याचा धडा त्या मानानं छोटा आहे. गिअर माथ्यावरच ठरवायचा, ज्यात चढतो त्याच्या खालचा. मग खाली येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. क्लच दाबला की इंजिनानं धरलेली चाकं मोकळी होतात आणि सातशे किलो लोखंड आपल्या मर्जीनं सुटतं. दोन्ही ब्रेकचे पायडल एकत्र जोडलेले आहेत ना, ते बघायचं. सुटे असले आणि एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. चारही चाकांचा गिअर उतरताना घालायचा, कारण ब्रेक मागच्या चाकांना असतात आणि उतारावर वजन पुढं गेल्यानं तीच चाकं हलकी झालेली असतात. तरीही घसरलाच तर ब्रेक सोडून तोंड सरळ खाली ठेवायचं आणि अवजार जमिनीवर टेकवायचं. रोटरनं माती धरली की वेग उतरतो.

पॉवर टिलरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सपाटीला डाव्या मुठीखालचा क्लच दाबला की टिलर डावीकडं वळतो. तीव्र उतारावर खाली येताना तोच क्लच दाबला तर टिलर उजवीकडं जाऊ शकतो. कारण दाबलेल्या बाजूचं चाक मोकळं होऊन पळतं आणि दुसरं इंजिनानं धरून ठेवलेलं असतं. माझ्या माहेरी चुलतभावाकडं टिलर आहे. त्यानं हे मला करून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. खालच्या बाजूला घळ असली आणि माणूस नवखा असला, तर तो घाबरून तोच क्लच आणखी दाबणार. उतारावर टिलर मुठी रेटूनच वळवावा.

नोव्हेंबरपासून काजूला नवी पालवी येते आणि ढेकण्या किडीसाठी फवारणी सुरू होते. दोनशे लिटरचं बॅरल म्हणजे मागं दोनशे किलो. भरलेलं बॅरल जड, पण एका जागी जड. अर्धं बॅरल जास्त वाईट. ट्रॅक्टर कलला की पाणी खालच्या अंगाला धावतं आणि कल वाढवतं. म्हणून आम्ही वरच्या बागेत लहान टाकी नेतो, आणि बॅरल खालच्या वाटेवर उभं करून लांब पाइपानं फवारतो. वेळ जातो, दोन गडी जास्त लागतात.

बायकांसाठी आणखी एक. पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक गुंडाळायला लागलं तर हात सोडवायलाही सवड नाही. मी पदर खोचून वरून मालकांचा जुना शर्ट घालते, बटणं लावून. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं की लोक काढून टाकतात. मी नवं आणवलं.

आता कमानीबद्दल. बसायच्या जागेमागं जी जाड लोखंडी कमान असते, ती ट्रॅक्टर उलटल्यावर माणसाभोवती जागा राखते, आणि पट्टा माणसाला त्या जागेत धरून ठेवतो. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली. १९५७ साली तिथं एक लाख ट्रॅक्टरांमागं १७ माणसं उलटून मरायची, १९९० सालापर्यंत तो आकडा ०.३ वर आला, असं मी वाचलं. आपल्याकडं छोट्या ट्रॅक्टरवर ती क्वचित दिसते. आमच्या ट्रॅक्टरला कंपनीची घडीची कमान मिळत होती. विक्रेता म्हणाला, कशाला, काजूच्या फांद्यांना अडकेल, कुणी घेत नाही. मागं लागून मागवली. गावातला वेल्डर पाइप वाकवून स्वस्तात करून द्यायला तयार होता. पण त्या पाइपानं ट्रॅक्टरचं वजन पेलायला हवं, आणि ते पेललं की नाही हे कळायची वेळ एकदाच येते. फांद्या अडकतात हे खरं, म्हणून खालच्या फांद्या छाटल्या. कमान घडी करून ठेवायची वेळ आलीच तर पट्टा लावायचा नाही. कमान नसताना पट्ट्यानं बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच सापडतो. कमान उभी असली तर मात्र पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

हंगामात मी दुसऱ्यांच्या रानातही जाते, तासावर. तिथं खरी परीक्षा यंत्राची नसते, नाही म्हणण्याची असते. "गेल्या वर्षी अमक्यानं केलंय की," असं हमखास ऐकू येतं. त्यानं केलं असेल. मी पट्टी लावते, आकडा सांगते आणि वीसच्या वर असेल तर ट्रॅक्टर खाली घेते. काही गिऱ्हाइकं तुटली. एक जण वर्षभर बोलत नव्हते. घरी डिझेलचा आणि हप्त्याचा हिशेब मांडताना त्या तासांची आठवण येते, खोटं कशाला बोलू. पण त्या उतारावर मी जाणार नाही आणि माझ्या मुलालाही जाऊ देणार नाही.

डोंगराकडच्या गावात ज्यांनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय, त्यांना एवढीच विनंती. भाव ठरवताना घासाघीस म्युझिक सिस्टीमसाठी आणि छतासाठी करू नका, कमान आणि पट्टा आधी मागा आणि ते किमतीत लिहून घ्या. ट्रॅक्टर घरी आला की सगळ्यांत वरचा तुकडा पायी फिरून, पट्टी लावून मोजा आणि जिथं जायचं नाही ते घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि मडगार्डवर कुणाला बसवू नका, आपलं पोर हट्ट करत असलं तरी.